उपरिद्रव्य-मीमांसा

भाजी भाजून झाल्यावर, विस्तवावरून उतरल्यावर आणि घास तोंडात जाण्यापूर्वी तिच्यावर जे काही ओतले, शिंपडले, चोळले किंवा थेंब थेंब सोडले जाते, त्यास या प्रबंधात ‘उपरिद्रव्य’ असे म्हटले आहे. घरोघरी यालाच ‘वरून थोडं सोड’ म्हणतात; परंतु संस्कृत नावावाचून शास्त्र उभे राहत नाही, आणि शास्त्र उभे राहिल्यावाचून सभ्यपणे भांडता येत नाही. उपरिद्रव्याचा कारभार फार तर मिनिटभराचा. पण भरीत फसले की लोक वांग्याला नावे ठेवतात, गॅसला ठेवतात, प्रसंगी सुनेलाही ठेवतात. वरून काय सोडले आणि कशाच्या आधी सोडले, याची चौकशी कोणी करत नाही. ती येथे केली आहे.

प्रथम कक्षा आखून घेऊ. तळलेले, वाफवलेले आणि ‘तेलावर परतलेले’ पदार्थ या कक्षेत येत नाहीत. तव्यावरच्या कापांचा प्रश्न नाजूक आहे. तो गोव्याच्या विद्वानांनी आपसांत सोडवावा. हुरडा हे धान्य असल्याने बाहेर ठेवला आहे, जरी त्याच्या सोबतची जवसाची आणि शेंगदाणा-लसणाची चटणी साक्षीदार म्हणून कधीही बोलावता येईल. या न्यायाने मक्याचे कणीसही धान्यच ठरते. पण कणीस वगळले तर हा प्रबंध वाचायला कोणी उरणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली टोमॅटो हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळ असल्याचे मान्य करूनही आयातकरापुरते त्याला भाजी ठरवले होते. एवढे मोठे न्यायालय सोयीपुढे मान तुकवते, तर आम्हीही कणसाला या लेखापुरता भाजीचा दर्जा बहाल करतो.

पूर्वसूरींविषयी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिताना राज्यकारभार, हत्ती-घोडे आणि रत्नपरीक्षा यांच्या बरोबरीने अन्नभोगालाही जागा दिली. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. छापखाने आल्यावर १८७५ साली ‘सूपशास्त्र’, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ अशी ही परंपरा चालत आली. थोर परंपरा आहे. पण पाककृती लिहिणाऱ्या कोणाचीही एक खोड आपल्या ध्यानात येईल: वांगी कशी निवडावीत यावर चार ओळी, भाजावीत कशी यावर तीन, आणि शेवटी ‘वरून फोडणी घालावी’ एवढे म्हणून लेखणी खाली. जणू फोडणी आपली आपण येऊन पडते.

मापांविषयी तर आनंदच आहे. उपरिद्रव्य मोजण्याची आपली एकके म्हणजे पळी, धार, थेंब, ‘बेताने’, ‘हात राखून’ आणि ‘सढळ हाताने’. पैकी पळी हे एकच एकक हातात धरता येते. बाकीची सगळी माणसे पाहून ठरतात. घरचीच मंडळी जेवायला असली तर भरितावरचे तेल हात राखून पडते. व्याही आले की तेच भरीत तेलात पोहू लागते. म्हणून भरितावरील तेलाची खोली मोजली असता पाहुण्याशी असलेल्या नात्याचा बराच अचूक अंदाज येतो, एवढे निरीक्षण नोंदवून पुढे जातो.

आता सिद्धान्त. सर्व उपरिद्रव्यांचे मूळ घटक चारच: खारट, आंबट, तिखट आणि स्निग्ध. यांचा स्वभाव स्वयंपाकघरातल्या कोणाही अनुभवी बाईला ठाऊक असतो, फक्त तिने तो सूत्ररूपाने मांडलेला नसतो. मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. मिरचीचा तिखटपणा नेमका उलट: तो तेलात उतरतो, पाण्याला जुमानत नाही, म्हणूनच ठेचा लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायले तरी जीभ शांत होत नाही. हळदीचा आणि लाल तिखटाचा रंगही तेलाचाच सोयरा. हिंग आणि लसूण यांचा वास तेल धरून ठेवते. लिंबू, चिंच आणि आमसूल हे मात्र उघड उघड पाण्याच्या बाजूचे. यावरून आमचे सूत्र असे की, मिठाला लिंबू द्यावे, तिखटाला तेल द्यावे, आणि पाण्याच्या पक्षाला नेहमी तेलाच्या पक्षाआधी बसवावे. कारण उघड आहे. पाणी आधी पडले तर ते भाजलेल्या अंगात मुरते आणि वर तेल बसते. तेल आधी पडले तर पाण्याला आत शिरायला वाटच राहत नाही; ते थेंब होऊन घरंगळते.

या सूत्राची पडताळणी करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात मुंबईची कोणतीही चौपाटी पुरते.

कणीसवाल्याची शेगडी जवळून पाहावी. एका हाताने तो पंखा हलवतो, दुसऱ्या हाताने कणीस फिरवतो. दाणे तडतडतात, अधूनमधून ठिणगी उडते, काही दाणे काळे पडतात आणि ते काळे दाणेच पुढे सर्वांत गोड लागतात. हा जो करपटपणाच्या अलीकडचा खमंग रंग आहे, त्याचे रसायन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रथम मांडले: साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि त्यातून रंग, वास, चव अशी सारी मंडळी एकदम हजर होतात. कणीसवाल्याने मायार वाचलेला नाही, पण मायारनेही शेगडीवरचे कणीस अर्ध्या मिनिटात फिरवायला शिकून घेतले असते तर त्याचे काही बिघडले नसते.

मग उपरिद्रव्याचा विधी. अर्ध्या लिंबाचे कापलेले तोंड तो तिखट-मिठाच्या डब्यात दाबतो. हा डबा दिवसभर अशी ओली तोंडे झेलून झेलून आतून दमट झालेला असतो. त्याच्या तळाशी लालसर गोळे बसलेले असतात, आणि त्यांतला एखादा लिंबाला चिकटून वर येतो. मग तो देठापासून शेंड्याकडे लिंबू चोळत नेतो. रस दाण्यांच्या ओळींमधल्या खाचांत उतरतो, गरम दाण्यावर त्यातले पाणी क्षणात उडते आणि मागे राहतो आंबट-खारट थर. पहिल्या गिऱ्हाइकाला रसरशीत लिंबू मिळते. तेच लिंबू चौथ्या-पाचव्या गिऱ्हाइकापर्यंत टिकवले जाते. त्याच्या वाट्याला बहुतेक साल येते. या अन्यायाविरुद्ध अद्याप मोर्चा निघालेला नाही. वाचकांना व्यवहारी सल्ला एवढाच की, नवे लिंबू कापल्याचे पाहूनच रांगेत शिरावे. शिवाय देठाकडची बाजू नेहमी अधिक खारट आणि शेंड्याकडची फिकी निघते, सबब खाण्याची सुरुवात शेंड्याकडून करावी, म्हणजे शेवट चविष्ट होतो.

येथवर सारे शास्त्रशुद्ध. अधर्म पुढे आहे. अलीकडे प्रत्येक शेगडीजवळ पिवळ्या डब्यातले लोणी आलेले आहे आणि विक्रेता लिंबू उचलण्याआधीच विचारतो, “साहेब, बटर मारू?” आपण मान हलवली की तो ब्रशने कणसाला लोणी फासतो आणि मग त्यावर लिंबू चोळतो. लोण्यात सुमारे ऐंशी टक्के स्निग्धांश. झाले! दाण्यांच्या खाचा बुजल्या. लिंबाचा रस आत जाण्याऐवजी कणसाच्या अंगावरून घसरतो, देठाच्या वाटेने मनगटावर येतो आणि तेथून कोपराकडे निघतो. शर्टाच्या बाहीवरील हा आंबट डाग हाच आमच्या सिद्धान्ताचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. मिठाचे काय झाले, तर लोण्यात ते धड विरघळत नाही, दातांखाली करकरते.

पूर्वपक्ष म्हणेल: लोण्यामुळे मसाला चिकटतो, मग ते आधी का नको? उत्तर: चिकटते ते तिखट. ते लोण्यात उतरते आणि चांगलेच उतरते, हे कोणी नाकारत नाही. म्हणूनच क्रम असा हवा की, आधी मीठ लावलेले लिंबू, मग रस उडेपर्यंत दोन क्षण थांबणे, मग लोणी, आणि लोण्यावर चिमूटभर तिखट. हा क्रम एका कणीसवाल्यापुढे सविस्तर मांडला असता तो म्हणाला, “साहेब, मागे लाइन आहे.” हा प्रतिवाद तर्कशास्त्राच्या कोणत्याही प्रकारात बसत नाही, पण रस्त्यावर तो अजिंक्य असतो.

आता वांगे. भाजण्यापूर्वी त्याला चीर देऊन आत डोकावण्याची चाल संशयी स्वभावातून आलेली नाही. अळीसह भाजलेले वांगे शाकाहारी राहत नाही. कच्चे वांगे हवेच्या पोकळ्यांनी भरलेले असते, त्यामुळे कढईत घातले की ते तेल पितच सुटते आणि बाई घालतच राहते. भाजले की या पोकळ्या बसतात, गर मऊ होऊन आळतो आणि तेलाची तहान जाते. म्हणून भरिताला कढईतल्या भाजीपेक्षा कितीतरी कमी तेल लागते, मात्र ते योग्य वेळी पडले पाहिजे. वांग्याच्या अंगात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्याने तापलेली फोडणी त्यावर पडताच त्या पाण्याची वाफ होते आणि चुर्र आवाज निघतो. हा आवाज आला नाही तर घरातली मोठी माणसे मान वर न करताच म्हणतात, “तेल तापलं नव्हतं.” त्यांचे अनुमान बिनचूक असते.

वांग्याच्या उपरिद्रव्यात संप्रदाय अनेक आहेत. खानदेशात हिरवट, पांढऱ्या रेघांचे, भरपूर गराचे वांगे काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासह ठेचतात आणि कांद्याच्या पातीची फोडणी सढळ हाताने देतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातली आसोद्याची वांगी तर बहिणाबाई चौधरींच्या माहेरची. मानांकन मात्र वांग्यालाच मिळाले, फोडणीला नाही, आणि ही त्या कार्यालयाची ढळढळीत चूक आहे असे आमचे मत आहे. गोव्याकडच्या सारस्वत घरांत भाजलेल्या वांग्यात चिंच, मीठ, हिरवी मिरची आणि हिंग कुस्करून वरून कच्चे खोबरेल सोडतात, विस्तवाला न दाखवता. तेथे आंबट-खारट आधी आणि तेल शेवटी, म्हणजे आमचा क्रम शतप्रतिशत पाळला जातो, तोही आम्ही सांगण्यापूर्वीच.

कच्चे तेल म्हणताच एक पोटप्रश्न उठतो, आणि तो गंभीर आहे. रिफाइंड तेल तयार करताना त्याचा रंग आणि वास मुद्दाम काढून टाकतात. कच्चे तेल वरून सोडायचे ते केवळ त्याच्या वासासाठी. तेव्हा निखाऱ्यात भाजून बुक्कीने फोडलेल्या कांद्यावर रिफाइंड तेलाची धार धरणे म्हणजे कांद्याला उगाच ओशट करणे होय. त्यापेक्षा तो मिठाबरोबर कोरडा खावा. कच्चे सोडायचे असेल तर घाण्याचे, शेंगदाण्याचे वा करडईचे. फोडणीला रिफाइंड चालून जाते, कारण तेथे वास हिंग-मोहरीचा असतो. या मुद्द्यावर आम्ही कसलीही तडजोड करणार नाही.

दह्यातल्या भरिताने मात्र आमच्या सूत्रापुढे खरी अडचण उभी केली. तेथे दोन चाली आहेत. एक चाल अशी की गर दह्यात कालवायचा आणि फोडणी करून, ती निवल्यावर वरून घालायची. कढत फोडणी दह्यात ओतली तर दही फुटते; “अगं, ती आधी निवू दे,” हे आजीचे वाक्य त्यापोटीच आलेले. यात क्रम आमच्या बाजूचा आहे, पण चुर्र आवाज गमवावा लागतो. दुसऱ्या चालीत कढत फोडणी थेट गरावर घालतात, आवाज वसूल करतात, गर थंड होऊ देतात आणि दही शेवटी मिसळतात. म्हणजे तेल आधी, पाणी नंतर. सूत्र मोडले! आणि तरीही हे भरीत उत्तम होते, हे नाकारण्याइतका या लेखकाचा शास्त्राभिमान पोचलेला नाही.

याचा उलगडा असा की दही हे लिंबासारखे नुसते पाण्याच्या पक्षाचे नव्हे. त्यात पाणी आहे, स्निग्धांश आहे आणि दोघांना धरून ठेवणारी प्रथिनेही आहेत. वाड्यात दोन भाऊबंदांचे पटत नसले की मधे एक आत्या असते, जिचे दोन्ही घरांत जेवण होते. दही ही तशी आत्या आहे. तेव्हा सूत्राला पुरवणी जोडावी लागते: मध्यस्थ हजर असेल तर क्रमाचा आग्रह सोडावा. मीठ मात्र वाढतानाच घालावे, नाहीतर दही पाणी सोडते आणि मध्यस्थच पातळ होतो.

एकदा मध्यस्थ ही कल्पना हाती आली की जगातली बरीच उपरिद्रव्ये उलगडतात. खानदेशी भरितात शेंगदाणे जातात ते केवळ दाताखाली येण्यासाठी नव्हे. ठेचलेला दाणा तेलही धरतो आणि गराचे पाणीही. लेव्हंटच्या देशांत भाजलेल्या वांग्यावर तिळाची ताहिनी आणि लिंबू घालतात. ताहिनीत लिंबाचा रस पिळला की ती पातळ व्हायची सोडून आधी एकदम घट्ट, ढेकळासारखी होते. नवशिका घाबरून अजून ताहिनी ओततो. खरे तर थोडे गार पाणी घालून फेटत राहिले की ती पुन्हा सैल आणि पांढरट होते. स्पेनमधल्या कॅटलोनियात वाल्स नावाच्या गावी हिवाळ्याच्या अखेरीस काल्सोट नावाचे लांब पातीकांदे द्राक्षवेलींच्या काड्यांच्या जाळावर बाहेरून पार काळे होईपर्यंत भाजतात, वर्तमानपत्रात गुंडाळून मुरवतात आणि छपराच्या कौलात वाढतात. काळे साल ओढून काढायचे, आतला पांढरा दांडा बदाम, सुकी लाल मिरची, टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर यांच्या चटणीत बुडवायचा आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचा. गळ्यात लाळेरे बांधून बसलेली प्रौढ माणसे तेथे हा विधी करतात. बदाम तेथे तेच काम करतो जे खानदेशात शेंगदाणा करतो. काल्सोट खाणाऱ्या माणसाला आसोद्याच्या शेतात नेऊन बसवले तर त्याला फक्त लाळेऱ्याची उणीव भासेल.

याउलट आपल्याकडच्या महागड्या हॉटेलांत उपरिद्रव्याला नवीच अवकळा आली आहे. भाजलेल्या गाजराचे तीन तुकडे, फ्लॉवरचा एक तुरा, आणि त्यांच्या भोवती बशीवर बाटलीच्या टोकाने काढलेली काळपट गोड व्हिनेगरची नागमोडी रेघ. उपरिद्रव्य भाजीवर सोडायचे असते, बशीवर नव्हे, हे शेफ महाशयांना कोणीतरी सांगायला हवे. आपण मग गाजराचा तुकडा काट्याने ढकलत त्या रेघेवरून फिरवतो, आणि बिलात त्या रेघेचेही पैसे लावलेले असतात. अधिक लिहिण्याइतकी ही शाखा समृद्ध नाही.

शेवटी एका नास्तिक पंथाचा विचार करणे भाग आहे. रायगड जिल्ह्यात थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, वांगी, मधे मधे जाडे मीठ आणि ओवा. मांसाहारी घरांत अंडी किंवा कोंबडीही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके पालथे घालायचे आणि भोवती गवत, पेंढा, सुक्या काटक्या रचून पेटवायचे. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या अंगचे पाणी आणि पाल्याचा उग्र वास एवढ्यावर सगळे शिजते. झाले की नाही हे पाहायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात आणि चुर्र आवाज आला की जाळ बाजूला सारतात. अख्ख्या पोपटीत वरून सोडलेले द्रव्य ते हे एवढेच, आणि तेही मडक्याच्या बाहेरून! मडके फोडून किंवा उलटून शेंगा पाल्यावर पसरल्या की लोक तशाच उचलतात, सोलतात, खातात. लिंबू मागणाऱ्याकडे तेथे शहरातून आलेला पाहुणा म्हणून पाहिले जाते.

येथे आमचे सूत्र लावायला जागाच नाही. मीठ आधीच गेले, तेल नाही, आंबट नाही, मध्यस्थ नाही, आणि चवीत उणे काही नाही. पोपटीवर फोडणी देऊन पाहावी असा प्रस्ताव अलिबागकडच्या एका शेतावर मांडला तेव्हा यजमान म्हणाले, “तुम्ही आधी शेंगा खा.” शेंगा खाल्ल्यावर प्रस्ताव मागे घेण्यात आला.

सबब निर्णय पुढीलप्रमाणे. पोपटीला या प्रबंधातील सर्व नियमांतून कायमची सूट देण्यात येत आहे. दह्यातल्या भरिताला सशर्त सूट. बाकी सर्वांना, विशेषतः शेगडीशेजारी पिवळा डबा ठेवणाऱ्यांना, नियम लागू राहील: आधी लिंबू, मग लोणी.